कंटिन्युइटीची वही

माझं काम एवढंच होतं :
मघाशी काय होतं ते लक्षात ठेवायचं.
सिगारेट कुठवर जळली, कॉलरचं बटण लागलेलं की सुटलेलं,
मेलेल्याचा हात कुठल्या अंगाला पडला होता.
जेवणाच्या सुट्टीनंतर मेलेले परत येत
मिशांना सूप लावून,
आणि मी वहीत बघून
त्यांना जागच्या जागी निजवी.

एकोणसत्तर साल. ऊना नदीचा काठ.
लष्कराने उसने दिलेले रशियन रणगाडे,
सुतारांनी वर पत्रा ठोकून केलेले जर्मन.
रादोमिर, आमचा दिग्दर्शक, म्हणाला,
अगं मेव्लिदा, चाकं कोण मोजत बसतंय?
मी मोजत बसले होते.
पाच. आठ हवी होती.

गोष्ट मार्चमधली, शूटिंग ऑगस्टमधलं.
बर्फ म्हणून पुलाखाली मीठ पसरलं चौदा पोती,
तर पहाटे गावच्या शेळ्या आल्या
आणि निम्मा हिवाळा चाटून गेल्या.

माझी चूक मात्र वेगळीच.
नायकाच्या डाव्या दंडाला पट्टी,
पूल ओलांडेस्तोवर ती उजव्या दंडाला.
दोन शॉट, मध्ये नऊ दिवस,
आणि त्या नवव्या दिवशी मी तापाने फणफणलेली.
पडद्यावर आली तेव्हा सबंध देशाने पाहिली.
पुढे कित्येक वर्षं कॉफीच्या टेबलावर कुणीतरी विचारायचंच :
काय हो, जखम पोहत गेली वाटतं?

म्हातारा ओस्मो तेवढा हसला नाही.
तो गर्दीत उभं राहायला आला होता, रोजावर;
खऱ्या मार्चमध्ये, खऱ्या पुलावरून
त्याने धाकट्या भावाला खांद्यावर आणलं होतं.
मी वही उघडून विचारलं, कुठल्या खांद्यावर?
(सवय.)
त्याने आधी एक खांदा चाचपला, मग दुसरा.
बराच वेळ गेला. लाइट गेला, कॅमेरा झाकला.
म्हणाला, जड होता.

मग ब्याण्णव.
सारायेवो, तळघर, शेजारच्या नादाचा कंदील.
भिंतीच्या भगदाडातून पाहिलं तर
समोरच्या चढावर तोच रणगाडा,
पत्रा नाही, अंगावर खाणीतल्या पट्ट्यांचं रबर टांगलेलं.
मी चाकं मोजली. पाच.
साल चुकलंय, मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.
त्याच्या मागे एक पोरगा, डोक्यावर आजोबाचं शिरस्त्राण,
पायांत पांढरे, नवे, खेळाचे बूट.
यातलं काहीच मी पास केलं नसतं.
नादाने मला खाली ओढलं.
'कट' म्हणायला कुणी नव्हतं,
आणि जेवणाची सुट्टीही झाली नाही.

त्या हिवाळ्यात वह्या जाळल्या,
एकोणसत्तरची सर्वांत शेवटी.
जाडजूड होती, तिच्यावर घेवडा शिजला.
पूर्ण नाही शिजला. खाल्ला.

परवा एक मुलगा आला, एनेस नावाचा,
केसांना शेंडी, हातात लॅपटॉप.
सिनेमा धुऊनपुसून नवा करतायत म्हणे,
फ्रेम न् फ्रेम.
ती पट्टी आता इकडची तिकडे करता येते,
एका दुपारचं काम.
फक्त सांगा, खरी कुठली? डावी की उजवी?

मी माझाच दंड चाचपत होते
हे मला उशिरा कळलं.

म्हटलं, ते राहू दे, तो पूल दाखव.
त्याने दाखवला. मीठ इतकं पांढरं मला कधी दिसलं नव्हतं.
खालच्या कोपऱ्यात बारीक बारीक ठसे.
हे पण काढायचेत, तो म्हणाला, यादीत आहेत,
शेळ्या कशा येतील युद्धात?

आल्या होत्या, मी म्हणाले.
लिहून घे.